गर्द आणि गुबार : वाळवंटाच्या धुळीत लहान मुलांचं घर

गेल्या महिन्यात एका रात्री दहावीच्या वह्या तपासत बसले होते, तेवढ्यात रियाधहून फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन तिकडे गेली त्याला आता चार वर्षं झाली. मोठा मुलगा तीन वर्षांचा, धाकटी नऊ महिन्यांची, नुकतीच रांगायला लागलेली. सलाम-दुआ झाली आणि ती लगेच मुद्द्यावर आली.

"मॅडम, काल इथे गुबार आला. दारं-खिडक्या सगळं बंद होतं, तरी घरभर पिठासारखी धूळ बसलीय. सकाळपासून तीनदा झाडलं. झाडून वळते तोवर टेबलावर पुन्हा थर. मुलगा खोकतोय. काय करू?"

मी म्हटलं, "बेटा, आधी हातातला झाडू खाली ठेव."

ती हसली. तिला वाटलं, दमली असशील, जरा बस, असं मी सांगतेय. पण मी झाडूबद्दलच बोलत होते. ही गोष्ट मी कुवेतमध्ये शिकले आणि ती शिकण्याची किंमत माझ्या मुलाच्या छातीने मोजली. फोनवर तिला घाईघाईत जे सांगितलं, ते इथे नीट लिहिते आहे. कारण आपल्या किती तरी घरांतल्या मुली आणि सुना आज कुवेत, सौदी, कतर, दुबईला कडेवर लेकरं घेऊन राहतात. त्यांना सल्ला देणाऱ्या अम्मी, नानी आणि सासूबाई इकडे कोकणात आणि मुंबईत बसून हा अंक वाचतात. आपण फोनवरून जो सल्ला देतो, तो बरोबर असायला हवा.

2011 चा तो शुक्रवार

लग्नानंतर काही वर्षं आम्ही कुवेतमध्ये फरवानिया भागात राहत होतो. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, जुन्या पद्धतीच्या सरकत्या खिडक्या, भिंतीत बसवलेले खिडकीचे एसी. मुलगा अडीच वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची.

25 मार्च 2011, शुक्रवार. ज्यांनी तो दिवस कुवेतमध्ये पाहिला ते विसरणार नाहीत. असरनंतरची वेळ होती. बाहेर लख्ख ऊन होतं. मग वाळवंटाकडून तपकिरी रंगाची एक भिंत उठलेली दिसली, इमारतींपेक्षा किती तरी उंच. काही मिनिटांत ऊन नारिंगी झालं, मग लाल, आणि मग भर दिवसा रात्र झाली. समोरची इमारत दिसेना. खिडकीच्या खाचांतून बारीक धूर यावा तशी धूळ आत येत होती. तोंडात मातीची चव, दातांखाली कचकच.

खिडक्या आम्ही बंद केल्या होत्या. बाकी काहीच केलं नव्हतं, कारण बाकी काही करायचं असतं हे माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फजरला उठले तर घराचा रंग बदललेला. गादी, भांडी, मुलांचा पाळणा, कुरआन शरीफचं जुजदान, सगळ्यावर फिकट पिवळा थर. जानमाज अंथरायची कुठे, हाच पहिला प्रश्न पडला. मी कोकणातल्या घरातली. सूर्य उगवायच्या आत अंगण झाडून झालं पाहिजे, अशा वळणात वाढलेली. पदर खोचला, रत्नागिरीहून आणलेली केरसुणी घेतली, पंखा चालू केला आणि झाडायला लागले. गाद्या झटकल्या, पडदे झटकले, गालिचा बाल्कनीच्या कठड्यावर टाकून बडवला.

खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात धुळीचे कण चमकत होते. माझा मुलगा त्या तिरपेत उभा राहून टाळ्या वाजवत ते कण पकडत होता. मला ते इतकं गोड वाटलं की मी हात थांबवून बघत राहिले.

संध्याकाळी त्याला खोकला सुरू झाला. रात्री अकराच्या सुमारास त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. आम्ही टॅक्सी करून दवाखान्यात पळालो. तिथे त्याच्यासारखी किती तरी लेकरं आईबापांच्या मांडीवर बसून नेब्युलायझर घेत होती. आमचाही नंबर लागला. दोन तासांनी त्याचा श्वास शांत झाला, अल्हम्दुलिल्लाह.

डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले. "घर कशाने साफ केलं?" मी म्हटलं, झाडूने. "आणि तेव्हा हा कुठे होता?"

मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या झाडूमुळे मुलाला दमा झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. त्याची तशी प्रकृती होतीच, त्याच्या दादांनाही दमा होता. पण वादळाच्या रात्री तो बंद खोलीत झोपला होता आणि बरा होता. जी धूळ रात्रभरात खाली बसली होती ती मी सकाळी पुन्हा हवेत उडवली आणि त्याने ती दिवसभर श्वासात घेतली. तो गुन्हा वादळाचा नव्हता.

ही धूळ वेगळी का

मी उर्दू शिकवते म्हणून दोन शब्द सांगते. मराठीत आपण दाट झाडीला गर्द म्हणतो. उर्दूत गर्द म्हणजे धूळ, जी वस्तूंवर बसते. आणि गुबार म्हणजे हवेत उठलेली धूळ, धुळीचा लोट. कुवेती लोक वादळाला तोज म्हणतात, पण गुबार हा अरबी शब्द तिकडेही रोजचा आहे. हा फरक लक्षात ठेवला की साफसफाईचा सगळा नियम एका ओळीत बसतो : गर्दचा पुन्हा गुबार होऊ द्यायचा नाही.

आता थोडं शास्त्र. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. जी खरी वाळू, रेती, ती याहून जाड असते. वारा तिला फार उंच नेऊ शकत नाही, ती जवळच पडते. घरात शिरते ती धूळ त्यापेक्षा कितीतरी बारीक. दक्षिण इराकमधल्या तैग्रिस आणि युफ्रेटिसच्या कोरड्या पडलेल्या गाळाच्या जमिनी आणि आसपासचं वाळवंट इथून ती उठते. उन्हाळ्यात, विशेषतः जून-जुलैमध्ये, उत्तर-पश्चिमेकडून शमाल नावाचा वारा सुटतो आणि ही माती कुवेत, सौदीचा पूर्व भाग, बहरीन, कतरपर्यंत नेतो. कधी कधी हे अनेक दिवस चालतं. मे 2022 मध्ये अशी वादळं एकामागून एक आली. इराकमध्ये हजारो लोक श्वासाच्या त्रासाने दवाखान्यांत दाखल झाले आणि कुवेतच्या विमानतळावरची उड्डाणं थांबवावी लागली.

दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातून पुढे श्वासनलिकेत जातात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या शिफारशीप्रमाणे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची सरासरी एका घनमीटर हवेत 45 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. मोठ्या वादळात हा आकडा हजारांत जातो. त्या धुळीत नुसती माती नसते. क्षार, परागकण आणि बुरशीचे कणही तिच्याबरोबर येतात.

लहान मुलांना त्रास जास्त का होतो? एक तर वजनाच्या मानाने मूल आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं. त्याच्या श्वासनळ्या अरुंद असतात, थोडी सूज आली तरी हवा अडते. शिवाय मूल राहतं जमिनीजवळ. आपण चालतो, बसतो, झाडतो तेव्हा धूळ जिथे उठते, तिथेच रांगणाऱ्या बाळाचं नाक असतं. आणि त्याचे हात दर दोन मिनिटांनी तोंडात जातात.

आणखी एक हिशेब. दहा मायक्रॉनचा कण खोलीच्या बंद हवेत काही मिनिटांत खाली बसतो. एक मायक्रॉनचा कण बसायला अनेक तास घेतो. म्हणून झाडून वळलं की टेबलावर पुन्हा थर दिसतो. ती नवीन धूळ नसते. आपणच उडवलेली धूळ पुन्हा खाली येत असते.

वादळाआधी : अर्ध्या तासाची तयारी

आता मोबाइलवर हवामानाचा इशारा आधी येतो. तो आला की इतकं करावं.

बाल्कनीतले कपडे आत घ्यावेत. खिडक्या लावून सरकत्या खिडक्यांच्या खाचांवर आणि फटींवर कागदी चिकटपट्टी लावावी. फ्लॅटच्या मुख्य दाराखाली ओला, पिळलेला टॉवेल ठेवावा. खिडकीच्या एसीला बाहेरची हवा आत घेणारी एक छोटी पट्टी किंवा कळ असते, ती बंद करावी. स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा बंद ठेवावा. हे पुष्कळ जणींना उलटं वाटतं. पण एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कुठल्या तरी फटीतून आत ओढली जाते, आणि वादळात ती हवा धुळीची असते.

मुलांची खेळणी झाकणाच्या डब्यात भरावीत. पाळणा, गाद्या, उशा यांवर एकेक जुनी चादर टाकावी. दुधाच्या बाटल्या, चमचे, वाट्या कपाटात ठेवाव्यात. पाण्याची भांडी झाकावीत. नंतरचं निम्मं काम या चादरींमुळे वाचतं, कारण चादर कडांकडून आत दुमडून उचलली की सगळी धूळ तिच्यातच राहते.

मग मुलांसाठी एक खोली निवडावी. जिला सगळ्यात कमी खिडक्या, ती. हेपा फिल्टरचं हवा शुद्ध करणारं यंत्र असेल तर ते याच खोलीत लावावं. मुलांना तिथेच जेवण, खेळ, गोष्टी. त्या वेळात घरात तळण करू नये, अगरबत्ती लावू नये. धुळीचा वास जावा म्हणून आखाती घरांत बखूर आणि आपल्याकडे लोबान जाळायची सवय आहे. मनाला बरं वाटतं, पण बंद घरात तो धूर मुलाच्या छातीवर आणखी एक ओझं टाकतो. त्या दिवशी तो नकोच.

दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावू नये, त्याचा श्वास गुदमरू शकतो. मोठ्यांनी मात्र साफसफाई करताना चांगला बसणारा एन-95 मास्क जरूर लावावा. दुपट्टा तोंडावर गुंडाळल्याने बारीक धूळ अडत नाही.

वादळानंतर : आधी थांबायचं

सगळ्यात अवघड काम हेच. वादळ थांबलं की आपले हात शिवशिवतात. पण बाहेरची हवा निवळेपर्यंत खिडकी उघडायची नाही आणि घरातली धूळ खाली बसेपर्यंत काही पुसायचं नाही. रात्री वादळ थांबलं तर सरळ झोपावं, सकाळी काम सुरू करावं. मोबाइलवर आपल्या शहरातल्या हवेचा निर्देशांक पाहावा, तो उतरला की मग पुढे.

"पण मग नमाज?" असं माझ्या विद्यार्थिनीने विचारलं. मलाही 2011 मध्ये हीच घाई झाली होती. तेव्हा आमच्या इमारतीत महाडच्या एक वयस्क खाला राहायच्या, वीस वर्षं कुवेतमध्ये काढलेल्या. त्या म्हणाल्या होत्या, "अगं, ज्या पाक मातीने तयम्मुम होतो ती घरात आली म्हणून घर नापाक झालं का? जानमाजची घडी हलक्या हाताने उघड, नमाज पढ, आणि काम सावकाश कर." त्यांचं हे बोलणं मी आधी ऐकलं असतं तर ती दवाखान्याची रात्र टळली असती.

वजू करताना नाकात पाणी घेतोच, त्या दिवशी ते नीट घ्यावं, मुलांचेही हात-तोंड धुवावं. बाहेरून आलेल्यांनी कपडे दारातच बदलावेत आणि आंघोळ करूनच मुलांना उचलावं.

पुसण्याची रीत

आता मुख्य काम. यासाठी दोन माणसं लागतात. एक मुलांना घेऊन बंद खोलीत किंवा, बाहेरची हवा निवळली असेल तर, घराबाहेर. दुसरं माणूस साफ करेल. एकटी बाई कडेवर बाळ घेऊन हे करू शकत नाही. म्हणून मी घरातल्या पुरुषांनाही सांगते : सुट्टी मिळत नसेल तर संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दोन तास तुम्ही मुलं सांभाळा किंवा फडकं हातात घ्या. तोवर एक खोली साफ असली की पुरे. सगळं घर एका दिवसात चकचकीत झालं पाहिजे, हा हट्ट सोडा.

साहित्य साधं आहे : मायक्रोफायबरची सात-आठ फडकी, दोन छोट्या बादल्या, एक पोछा. मायक्रोफायबर नसेल तर जुन्या मऊ सुती बनियनचे तुकडे चालतात. पहिल्या बादलीत फडकं खळबळायचं, दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं. घट्ट हा शब्द महत्त्वाचा. फडकं निथळत असेल तर धुळीचा चिखल होतो, त्याचे पट्टे उमटतात आणि वाळल्यावर तीच धूळ पुन्हा उडते. फडक्याची दोनदा घडी घालून, प्रत्येक पुसण्यानंतर बाजू बदलत जायची. एकाच बाजूने घासत राहिलं की धूळ एका जागेवरून दुसरीकडे सरकते, एवढंच.

सुरुवात वरून. पंखा बंद करून प्रत्येक पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवायचा आणि दाबून ओढून काढायचा. पात्यावरची धूळ अभ्र्यातच राहते, खाली पडत नाही. मग कपाटाचा माथा, दारांच्या वरच्या कडा, ट्यूबलाइट (बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या मऊ फडक्याने). मग शेल्फ, टेबल, खुर्च्या. खिडक्यांच्या खाचांत सगळ्यात जास्त माल साठतो. तिथे एकदम पाणी ओतू नये, गारा होतो. ओलसर जुन्या टूथब्रशने तो एका बाजूला ओढून, ओल्या फडक्याने उचलावा. सगळ्यात शेवटी फरशी.

एसीची जाळी काढून बाथरूममध्ये नेऊन वाहत्या पाण्याखाली धुवावी, सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवावी. ती तशीच ठेवून एसी सुरू केला तर पहिल्या पाच मिनिटांत आपली सगळी मेहनत वाया जाते. फ्लॅटच्या इमारतीचा एसी एकच असेल तर हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, त्याचे फिल्टर कधी धुणार ते विचारावं. न विचारता ते होईलच असं नाही.

गाद्यांवरची चादर आत दुमडून थेट मशीनमध्ये. झटकायची नाही. पडदेही हळू उतरवून धुवावेत. ते शक्य नसेल तर ओलसर फडकं वरून खाली दाबत न्यावं. कापडी खेळणी पिशवीत बांधून मशीनकडे न्यावीत, प्लास्टिकची साबणाच्या पाण्यात धुवावीत. बाळ जे तोंडात घालतं त्यापासून सुरुवात करावी, शोकेसमधल्या वस्तूंना नंतर वेळ आहे.

कुरआन शरीफ आणि इतर किताबांसाठी पाणी जपूनच वापरावं. बाहेरचं जुजदान हळूच काढून धुवावं, जिल्द मऊ, जेमतेम ओलसर फडक्याने टिपावी आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसावी. पानांवर फुंकर मारू नये.

गालिचा बडवू नये. गालिच्यासाठी व्हॅक्यूम क्लीनर हवा, पण तो हेपा फिल्टरचा. साध्या यंत्रातून जाड कचरा आत राहतो आणि सर्वांत बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. यंत्र सावकाश फिरवावं, एकाच जागेवरून दोनदा. पिशवी किंवा डबा घरात रिकामा करू नये, खाली नेऊन कचऱ्याच्या पिशवीत अलगद उपडा करावा. घरात रांगतं बाळ असेल आणि हेपाचं यंत्र नसेल तर उन्हाळ्यापुरता गालिचा गुंडाळून ठेवलेला बरा. उघडी फरशी पुसता येते.

फरशी एकदा पुसून काम झालं, असं समजू नये. पहिल्यांदा पुसल्यावर दोन-तीन तासांनी, उरलेले कण खाली बसल्यावर, पुन्हा पुसावी. काम पुरं झालं हे कसं ओळखायचं? बादलीतलं पाणी बघून. पोछा खळबळल्यावर पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं की बाळाला खाली सोडायला हरकत नाही.

बादलीतला गाळ सिंकमध्ये ओतू नये, नळी तुंबते. बादली तासभर तशीच ठेवली की माती तळाशी बसते. वरचं पाणी बाथरूममध्ये ओतावं, तळातली माती कुंडीत किंवा कचऱ्यात टाकावी. आणि पाणी जपून वापरावं. कुवेतमध्ये एकही बारमाही नदी नाही, समुद्राचं पाणी गोडं करून घरोघर येतं. अर्धी-अर्धी बादली दोनदा बदलून एक खोली व्यवस्थित साफ होते, फरशीवर पाइप सोडायची गरज नसते.

मुलाकडे लक्ष

धुळीनंतर दोन-तीन दिवस मुलाच्या श्वासावर नजर ठेवावी. मूल शांत असताना किंवा झोपेत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त असतील तर तो वेगवान श्वास आहे, डॉक्टरांना दाखवावं. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी ही मर्यादा 60 आहे. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, शिट्टीसारखा आवाज येत असेल, बाळ दूध ओढू शकत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट बघायची नाही. तसंच उठून दवाखाना गाठायचा.

मुलाला आधीपासून दमा असेल तर इनहेलर आणि त्याची नळी, म्हणजे स्पेसर, वादळाच्या मोसमाआधीच तपासून ठेवावी. औषध संपलेलं नाही ना, हे इशारा आल्यावर बघण्यात अर्थ नाही.

आणि आपल्या नानी-दादींसाठी दोन गोष्टी अदबीने सांगते. एक वर्षाखालच्या बाळाला खोकल्यासाठी मध चाटवू नये. कापूर किंवा मेंथॉल असलेलं मलम दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला, छातीला चोळू नये. आपण हे प्रेमाने सांगतो, पण या वयात त्याने अपाय होऊ शकतो.

इकडच्या घरांसाठीही

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, आमचं काय, आम्ही कुठे वाळवंटात राहतो! जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानच्या बाजूने आलेली धूळ अरबी समुद्रावरून मुंबई आणि पुण्यापर्यंत पोहोचली होती. लोक सकाळी उठले तर गाड्यांवर पांढुरका थर होता. आणि आमच्या कोकणात जांभ्या दगडाची लाल धूळ, महामार्गाच्या कामाची धूळ ही रोजचीच. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुली फळ्याच्या खडूनेही खोकतात. तेव्हापासून मी फळा ओल्या फडक्यानेच पुसते आणि वर्ग झाडायचा तर मुलींना आधी बाहेर पाठवते. शाळेतली मावशी पहिल्यांदा म्हणाली, "बाई, तुमचं काहीतरी वेगळंच." आता ती स्वतःच झाडण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडते.

माझा मुलगा यंदा बारावी झाला. वयाबरोबर त्याचा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. तरी त्याच्या दप्तरात इनहेलर असतो. परवा घरातले पंखे त्याने पुसले, उशीचे अभ्रे चढवून. मला काही सांगावं लागलं नाही.

रियाधहून चार दिवसांनी पुन्हा फोन आला. मुलाचा खोकला थांबला होता. तिच्या नवऱ्याने गुरुवारी संध्याकाळी मुलांना बहिणीकडे नेलं आणि तिने एकटीने, झाडू न उचलता, दोन खोल्या पुसल्या. "मॅडम, तिसऱ्या बादलीला पाणी स्वच्छ राहिलं," ती म्हणाली. मागून धाकटीचा आवाज येत होता. ती फरशीवर कुठलीशी वाटी आपटत होती.

तुमचीही लेक किंवा सून तिकडे असेल तर आज फोनवर एवढं विचारा : एसीची जाळी कधी धुतलीस, आणि घर साफ करताना लेकरं कुठे असतात? अल्लाह सगळ्यांच्या मुलांना आफियतीत ठेवो.